कोथिंबिरीचा टेम्पो

आमचे तात्या माणसाची पारख त्याच्या मागे दुधाची किटली बांधून करतात. खरी किटली नाही, मनातल्या मनात. कोणी नवा माणूस भेटला की ते डोळे बारीक करून त्याचं चालणं बघतात, बसणं बघतात, बोलताना हात किती हलतात ते बघतात आणि तो गेला की निकाल देतात. शाळेत नवे हेडमास्तर आले. ते बोलता बोलता टाचांवर वर-खाली होतात. तात्या म्हणाले, "मास्तर हुशार हाय, पर ह्याच्या मागं किटली बांधली तर डेअरीत जाईस्तोवर लोणी यील." एकदा मतं मागायला एक पुढारी आले. जीपमधून उडी मारून उतरले, दिसेल त्याच्या खांद्यावर थापा मारल्या आणि परत उडी मारून चढले. धुरळा खाली बसल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "ताक."

माझ्या लग्नाआधी मला बघायला राजुरीहून सात माणसं मढला आमच्या घरी आली होती. मी खाली मान घालून पोह्यांच्या बशा आणल्या. नाव विचारलं तर तेसुद्धा मला धड सांगता आलं नाही. जाताना नवऱ्यामुलाचे चुलते म्हणाले म्हणे, "पोरगी बोलत न्हाई, पर चालती तर साय मोडत न्हाई. करून टाका." माझं लग्न असं ठरलं. ते चुलते म्हणजे हे तात्या.

राजुरीत आमची आणि त्यांची घरं एका भिंतीला आहेत. तात्यांनी अडतीस वर्षं वस्त्यांवरचं दूध सायकलवरून डेअरीला घातलं. हँडलला दोन किटल्या, मागे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन मोठ्या. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. अशा रस्त्यानं दूध न हिंदकळता न्यायचं तर पायडलवर उभं राहायचं नाही, झटका द्यायचा नाही आणि उतारावर सायकल सोडायची नाही. चढ आला की बसल्या जागी, जात्यावर दळण दळल्यासारखं, सावकाश गोल गोल पाय फिरवायचे. आता डेअरीची गाडीच वस्तीवर येते. तात्यांचं काम सुटलं, पण रीत सुटली नाही. ते मोटारसायकलवर बसत नाहीत. एसटीत बसले तर प्रत्येक स्पीडब्रेकरला "गेलं... गेलं सगळं" असं पुटपुटतात, आणि शेजारी बसलेला पाहुणा घाबरून आपल्या पिशव्या चाचपतो.

शिवाय त्यांना रिकामी सायकल चालवता येत नाही. "रिकामी सायकल बुजती," म्हणतात. म्हणून दुकानातून काड्यापेटी आणायची असली तरी चारी किटल्या नळाखाली भरतात, सायकलला अडकवतात, जातात, काड्यापेटी आणतात आणि आल्यावर ते पाणी शेवग्याच्या झाडाला घालतात. आमच्या आळीत एवढा मोठा शेवगा दुसरा नाही.

काकू थोरल्या मुलाकडे चाकणला असतात, नातवंडं सांभाळायला. धाकटा नाशिकला. दोघंही तात्यांना बोलावतात, पण तात्यांना गाय सोडवत नाही. त्यांची भाकरी आमच्याकडून जाते. मी ताट भिंतीवर ठेवते, ते उचलून घेतात. "ठिवली का?" "ठेवली." आमचं दिवसभराचं बोलणं पुष्कळदा एवढंच.

आता मला जे कोडं पडलं होतं ते सांगते.

पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या काही सायकलवाल्यांनी आमच्या भागात दोन दिवसांची शर्यत सुरू केली. शनिवारी आंबेगावच्या डोंगराकडून, रविवारी जुन्नरहून खिंड चढून मढला आणि परत. दोन्ही दिवसांचा वेळ मिळवून नंबर काढायचे. एका बोटानं उचलता येतील अशा सायकली, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर भोपळ्याच्या फाकीसारखी टोपी. बायकासुद्धा! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्त्याच्या कडेला किती वेळ उभी होते. ह्यांना कोणी पाठवलंय, कुठं पोचायचंय, काही नाही. जायचं आणि परत यायचं. मला फार नवल वाटलं.

तात्यांनाही वाटलं असावं. त्याच वर्षी ते किटल्या भरून शर्यतीच्या जागी हजर झाले.

तिथल्या पोरांनी विचारलं, "काका, दूध द्यायला आलात का?"

"न्हाई. शर्यतीला."

"मग हे काढा की."

"काढलं तर पडंल. सायकल न्हाई, मी."

तेवढ्यात मागून कोणी तरी खो खो हसलं. तेही सत्तरीकडे झुकलेले, तशीच काळी दांड्याची सायकल घेऊन आलेले. निरगुडसरचे किसनबाबा. त्यांनीही उभा जन्म दूधच वाहिलं होतं, पण त्यांनी किटल्या घरी ठेवल्या होत्या. तात्यांकडे बघून म्हणाले, "आरं येड्या, ही शर्यत हाय, रतीब न्हाई!"

त्या दोघांसाठी मग एक वेगळा गटच करावा लागला. साधी सायकल, वय साठीच्या पुढे. पाच वर्षं झाली, त्या गटात तिसरा माणूस आला नाही. पहिले किसनबाबा, दुसरे तात्या. दर वर्षी. चढावर दोघं मागेपुढे असतात, पण उतार लागला की किसनबाबा सायकल सोडून देतात आणि तात्या ब्रेक दाबत, किटल्यांतलं पाणी सांभाळत, नव्या नवरीसारखे उतरतात.

मला कोडं पडायचं ते हे, की हा माणूस दर वर्षी हरायला का जातो? नुसता जात नाही, तर वर्षभर त्याचीच वाट बघतो. शर्यतीचा फॉर्म मी भरून देते. तात्यांना सही येते, बाकी लिहिता येत नाही, आणि माझी चौथी झाली आहे. यंदा मी भिंतीअलीकडून एकेक रकाना वाचत होते.

"तात्या, संघाचं नाव विचारलंय."

"लिही, येकटा."

"पडझड झाली तर कोणाला कळवायचं?"

"किसनला."

"अहो, घरचं माणूस लागतं."

"घरची मानसं काय करणार? किसनला पयलं कळलं पायजे. न्हाईतर त्यो पुढं निघून जाईल."

मी किसनबाबांचा नंबर लिहिला.

ह्या दोघांची आणखी एक गंमत आहे. वर्षाचे दहा महिने एकमेकांना फोन नाही, काही नाही. शर्यतीची तारीख लागली की दुसऱ्याच दिवशी फोन वाजतो. तात्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो, त्यामुळे भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं.

"जित्ता हायस का रं?"

"तुला हरवल्याबिगर मरत न्हाई."

"मंग लई जगशील!"

आणि दोघं खोकला येईपर्यंत हसतात. मग दोन महिने रोज फोन. गुडघ्याला काय लावतोस, चेनला तेल कुठलं, सकाळी काय खातोस. दोघंही एकमेकांना खोटं सांगतात. शर्यत झाली की फोन बंद. मागच्या दिवाळीला मी धीर करून म्हटलं, "तात्या, किसनबाबांना एक फोन करा की, सणाचा." तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "कशापायी? शर्यत कुठं हाय?"

खरंच आहे. आमच्याकडे पुरुषमाणूस दुसऱ्या पुरुषमाणसाला काम असल्याशिवाय फोन करत नाही. बरं आहेस ना, एवढं विचारायला फोन केला तर समोरचा म्हणेल, कोण गेलं?

यंदा मात्र घोटाळा झाला. शर्यतवाल्यांनी नवा नियम काढला की सायकलला काही बांधायचं नाही. नियम तात्यांमुळेच निघाला. मागच्या वर्षी उतारावर त्यांच्या एका किटलीचं झाकण उडालं आणि मागून येणारा एक पुण्याचा पोरगा आंघोळ करून निघाला. तात्यांना त्या पोरापेक्षा झाकणाचं वाईट वाटलं. "अडतीस वर्सांत पयल्यांदा," असं ते आठवडाभर म्हणत होते.

शनिवारी ते आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या सायकलवर बसले. मी तिथं नव्हते, पण आमचे हे गेले होते. ते सांगत होते की तात्या दोन्ही हातांनी हँडल आवळून असे चालले होते, जसं काही पहिल्यांदाच सायकल शिकतायत. तरी किसनबाबांच्या मागे राहिले ते फक्त अर्धं मिनिट. कारण चढावर सायकल हलकी झाली होती.

रविवारी मी माहेरी मढला होते. मढहून परत जाताना खिंडीच्या अलीकडे शेवटचं वळण आहे, तिथं माझ्या भावजयीच्या बचत गटाचं सरबताचं टेबल होतं. बाकीच्या बायका बर्फ आणायला खाली गेल्या आणि मी एकटीच ग्लास मांडत बसले. पुण्याची मंडळी केव्हाच वर निघून गेली होती. ऊन चढलं. मग खालच्या वळणावर किसनबाबा दिसले. पायडलवर उभे राहून, डावीकडे उजवीकडे झुलत येत होते. मला ओळखून ओरडले, "ए पोरी, तुझा म्हातारा मागं फेस गाळतोय. त्याला सरबत नगं, खाट टाकून ठिव!" आणि न थांबता खिंडीत शिरले.

तीन-चार मिनिटांनी तात्या आले. बसल्या जागी, गोल गोल पाय, चेहऱ्यावर काही नाही. अर्धा ग्लास सरबत घेतलं. म्हणाले, "सूनबाई, सायकलला वजनच न्हाई. आता पलीकडं उतार हाय. भ्या वाटतंया." मी ग्लास परत घेतला. ते गेले. रस्ता मागे पुढे अगदी मोकळा होता.

उतारावर काय झालं ते मला नंतर कळलं. खिंड ओलांडली तशी सायकल उधळली. तात्यांनी ब्रेक दाबले, तर रबर जळल्याचा वास आला. मग त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि देवाचं नाव घेत जुन्नर येईपर्यंत सोडून दिलं. वाटेत किसनबाबा होते. त्यांना मागून "बाजू! बाजू!" असं ऐकू आलं, आणि वळून बघेपर्यंत तात्या पुढे निघून गेले होते.

मी भावाच्या जीपमधून जुन्नरला पोचले तेव्हा मांडवात बक्षिसांची तयारी चालली होती. तात्या कडेला एका खुर्चीवर बसले होते, तोंड एवढंसं करून. मला वाटलं, पडले की काय.

"काय झालं तात्या?"

"जिकलो गं," ते म्हणाले. कोणी वारल्याची बातमी सांगावी तसं.

पलीकडे किसनबाबा बनियनवर बसून छातीवरचा नंबर सोडत होते. त्यांच्याशी कोणी तरी बोलत होतं, तर ते म्हणाले, "न्हाई राव, आता बास. त्या बैलगाडीनं मला मागं टाकलं, म्हंजे मी म्हातारा झालो. पोरं कवाची म्हनत्यात, सायकल भंगारात घाला. घालतो. पुढल्या साली न्हाई येत." चिडून म्हणाले असते तर काही वाटलं नसतं. अगदी शांतपणे म्हणाले. नंबरचं कापड नीट चार घड्या करून त्यांनी टेबलावर ठेवलं.

तात्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते. थोडा वेळ ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग उठले आणि सरळ नावं वाचणाऱ्या डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेले. पुण्याच्या ह्या बाईच शर्यतीचं सगळं बघतात.

"म्याडम, माजा नंबर काडा. मी टेम्पो धरला व्हता."

"काय?"

"मढाकडनं चडताना. जमंना. मागनं टेम्पो आला, त्याची साखळी धरली. वळनापातूर."

ज्या माणसाच्या दुधात अडतीस वर्षांत डेअरीला कधी पाण्याचा थेंब सापडला नाही, तो माणूस चारचौघांत सांगत होता की मी चोरी केली.

डॉक्टरबाईंना पटेना. "काका, आमच्याकडे तशी तक्रार नाही. कुणी पाहिलं का? त्या वळणावर सरबताला कोण होतं?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती व्हती."

सगळे माझ्याकडे वळले. शंभरेक माणसं असतील. बचत गटाच्या बैठकीत दहा बायकांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, मी सही करते आणि घरी येते. डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. खरं काय ते सांगा. टेम्पो होता?"

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी काही खूण केली नाही. नुसते उभे होते. आणि एकदम मला ते दहा महिने आठवले, भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही ते.

"होता," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "त्यांनी धरला होता. मी पाहिलं." मग वाटलं एवढं पुरणार नाही. "कोथिंबिरीचा टेम्पो होता. जुड्या बांधलेल्या. वर ओलं पोतं टाकलेलं."

ते पोतं कुठून आलं मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग किसनबाबा ताडकन उठले. "तरी म्हनलं! तरी म्हनलं! टेम्पो गेला की माझ्या अंगावरनं! खिंडीत! मला वास आला व्हता कोथिंबिरीचा!"

"आला आसंल," तात्या खाली बघत म्हणाले.

"आला आसंल काय? आला! मी मनात म्हनलं, हितं डोंगरात कोथिंबीर कुठली! चोरा! ह्या वयात टेम्पोला लोंबकळतोस? लाज हाय का काय?"

"चूक झाली."

"चूक? आरं, मी सायकल भंगारात घालाया निगालो व्हतो! तुज्या टेम्पोपायी!" त्यांनी टेबलावरचं ते घडी केलेलं कापड उचललं आणि तात्यांच्या छातीवर आपटलं. "पुढल्या साली ये. टेम्पो घिऊन ये, ट्रक घिऊन ये. न्हाई तुला धूळ चारली तर नावाचा किसन न्हाई!"

पुण्याची पोरं टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे एकवार बघितलं. त्यांना काय समजलं ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी यादीवर खाडाखोड केली आणि किसनबाबांचं नाव पुकारलं. कप घ्यायला जातानाही किसनबाबा मागे वळून वळून शिव्या देत होते. त्या मी इथं लिहीत नाही.

परत येताना सायकल जीपच्या टपावर बांधली आणि तात्या माझ्या शेजारी बसले. ओतूर मागे गेलं तरी एक शब्द नाही. मला वाटलं, रागावले असतील. किंवा मीच काही जास्त बोलले असेन. रस्त्यात दोन मोठे स्पीडब्रेकर लागले, त्यांचं लक्षच नव्हतं.

मग ते म्हणाले, "कोथिंबीरच का गं?"

"मेथी म्हणणार होते. तोंडातून कोथिंबीर आलं."

ते हसले. मग खिडकीबाहेर बघत राहिले. द्राक्षांचे मांडव, पॉलिहाऊसं, उसाच्या ट्रॉल्या मागे जात होत्या. आळे फाट्याच्या अलीकडे त्यांनी हळूच विचारलं,

"किसन लई चिडला, न्हाई?"

"लई."

"खरा चिडला ना?"

"अहो, कप हातात असताना शिव्या देत होते."

तात्यांनी मान हलवली. सीटला पाठ टेकून डोळे मिटले.

"यील मंग," ते म्हणाले.